माणसानंतर कोण? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मानवाच्या उत्क्रांतीविषयी गेल्या अंकात आलेल्या लेखावर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांना माणूस कोठून आला यापेक्षा तो कोठे चालला आहे, हे जाणून घ्यायचे आहे. अनेकांनी श्रीअरविंदांचे नाव घेतले आहे, काहींनी दशावतारांचे, तर काहींनी कलियुगाचे. प्रश्न संक्षेपाने देऊन त्यांची उत्तरे देत आहे. विज्ञानाचा निष्कर्ष जेथे आहे तेथे तो निष्कर्ष म्हणून सांगितला आहे आणि माझे मत जेथे आहे तेथे ते मत म्हणून सांगितले आहे. या विषयात या दोन गोष्टी वेगळ्या राखणे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्रश्न : एकपेशीय जीव, मासे, सरपटणारे प्राणी, सस्तन प्राणी, वानर आणि शेवटी माणूस अशी जीवनाची चढती कमान आम्ही शिकलो आणि पुढे मुलांना शिकवलीही. ही कमान माणसापाशीच थांबली असे मानायला काही आधार दिसत नाही. मग माणसानंतरची पायरी कोणती, याविषयी विज्ञान काही सांगू शकते का? (एक निवृत्त शिक्षक, वाई)

उत्तर : विज्ञान हे सांगू शकत नाही, कारण प्रश्नात गृहीत धरलेली पायऱ्यांची शिडी निसर्गात सापडत नाही. आपण शिकवलेला क्रम काळाच्या दृष्टीने बरोबर आहे. मासे सस्तन प्राण्यांच्या फार आधी आले. परंतु मासे हे सस्तन होण्याच्या वाटेवर अडकलेले अपुरे प्राणी नव्हते आणि आजही नाहीत. जीवसृष्टी ही चोहीकडे फांद्या फुटत गेलेल्या झुडपासारखी आहे आणि त्यातली माणसाची फांदीसुद्धा एके काळी चांगली दाट होती.

माणूस आणि चिंपांझी यांचे सामाईक पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहत होते. इथिओपियातील हदार येथे १९७४ मध्ये सापडलेला ‘ल्युसी’ या नावाने प्रसिद्ध असलेला सांगाडा सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा आहे. ल्युसीच्या जातीचे जीव दोन पायांवर चालत होते, पण त्यांचा मेंदू आपल्या मेंदूच्या साधारण एक तृतीयांश होता. म्हणजे ताठ चालणे आधी आले आणि मोठा मेंदू त्यानंतर लाखो वर्षांनी आला. बुद्धीने शरीराला वर ओढत नेले, ही आपल्याला प्रिय असलेली कल्पना या पुराव्यापुढे टिकत नाही. मोरोक्कोतील जेबेल इर्‍हूद येथील अवशेष आपल्या प्रजातीचा काळ सुमारे तीन लाख वर्षांपर्यंत मागे नेतात. एक लाख वर्षांपूर्वी तर पृथ्वीवर माणसाच्या अनेक प्रजाती एकाच वेळी नांदत होत्या. युरोपात आणि पश्चिम आशियात निअँडरथल होते, आशियाच्या इतर भागांत डेनिसोव्हन होते आणि इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर जेमतेम साडेतीन फूट उंचीचे मानव होते. फ्लोरेसच्या या मानवांचा मेंदू जवळपास ल्युसीएवढाच होता, तरी ते दगडाची हत्यारे वापरत आणि सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकून राहिले. निअँडरथलांचा मेंदू आपल्याएवढा, क्वचित मोठाही होता, आणि तरीही सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी ते नाहीसे झाले. आपल्या देशात नर्मदेच्या काठी हथनोरा येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये एका प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. तो नेमका कोणत्या प्रजातीचा, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. यातल्या कोणालाही ‘आपण आधुनिक माणसाची तयारी आहोत’ असे म्हणता आले नसते.

नैसर्गिक निवडीला उंच काय आणि नीच काय हे ठाऊक नसते. दिलेल्या परिस्थितीत ज्या गुणांमुळे अधिक संतती जगते, ते गुण पुढच्या पिढीत वाढतात, एवढेच तिचे कार्य आहे. तिबेटच्या पठारावरील लोकांना विरळ हवेत राहणे सोपे जाते, त्यामागचे एक जनुक त्यांच्या पूर्वजांना डेनिसोव्हनांशी झालेल्या संकरातून मिळाले. मोठेपणी दूध पचवण्याची क्षमता पशुपालन करणाऱ्या समाजांत गेल्या काही हजार वर्षांत पसरली. माणसाची उत्क्रांती थांबलेली नाही याची ही उदाहरणे आहेत, पण त्यांतून माणूस अधिक ज्ञानी किंवा अधिक दयाळू झाला असे कोणी म्हणणार नाही. अंधाऱ्या गुहांत राहणाऱ्या काही माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या क्षीण होत जाऊन नाहीसे झाले. उत्क्रांतीच्या हिशेबी हेही अनुकूलनच आहे. शिवाय नवी प्रजाती वेगळी होण्यासाठी एखादा समूह दीर्घकाळ इतरांपासून तुटून राहावा लागतो. आठशे कोटी माणसे जेव्हा एकमेकांत इतकी मिसळत आहेत, तेव्हा तशी परिस्थिती आज पृथ्वीवर कोठेच दिसत नाही.

प्रश्न : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा दशावतारांचा क्रम म्हणजे डार्विनच्या सिद्धांताचेच आपल्या ऋषींनी केलेले वर्णन आहे, असे एका प्रवचनात ऐकले. हे कितपत खरे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : ही तुलना डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतरची आहे. थिऑसॉफिकल सोसायटीच्या ब्लाव्हाट्स्कीबाईंनी १८७७ मध्ये आणि ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये ती मांडली आणि तेथून ती सर्वत्र पसरली. त्याआधीच्या कोणत्याही भाष्यकाराने अवतारक्रमाचा असा अर्थ लावलेला नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायातील यादीत वराह दुसरा येतो, मत्स्य दहावा आणि कूर्म अकरावा; त्यांच्यामध्ये नारद, कपिल, दत्तात्रेय, पृथू असे मानवरूपी अवतार येतात आणि शेवटी अवतार असंख्य आहेत असे सांगितले आहे. आपल्याकडच्या जुन्या दशावतारचित्रांत नवव्या जागी कोठे बुद्ध दिसतात, तर कोठे विठोबा. भक्तांच्या श्रद्धेतून घडत गेलेली ही परंपरा आहे आणि अवतार कोणत्या संकटासाठी आला, कोणाच्या हाकेला धावला, हा तिचा गाभा आहे. तिच्यावर जीवशास्त्राचे ओझे लादल्याने प्रल्हादाची कथाही हरवते आणि जीवशास्त्रही कळत नाही.

प्रश्न : आमच्या घरात श्रीअरविंदांविषयी फार आदर आहे. माणसानंतर अतिमानव येणार हा त्यांचा विचार डार्विनच्या सिद्धांताचाच पुढचा भाग समजावा का? (एक वाचक भगिनी, बडोदे)

उत्तर : आपल्या गावाशी या विचाराचा जवळचा संबंध आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

श्रीअरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोद्यात गायकवाड सरकारच्या सेवेत होते आणि तेथेच ते मराठी शिकले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटल्यानंतर ते पुन्हा बडोद्यास आले, तेव्हा त्यांची विष्णु भास्कर लेले या मराठी योग्याशी गाठ पडली. लेल्यांनी त्यांना एका खोलीत आपल्यासोबत बसवून सांगितले की विचार आपल्यातून उठत नाहीत, ते बाहेरून येतात; ते आत शिरण्याआधी पाहावेत आणि परतवून लावावेत. तीन दिवसांत मन पूर्ण निःशब्द झाले, असे श्रीअरविंदांनी पुढे स्वतः सांगितले आहे. त्यानंतर मुंबईत सभेपुढे बोलायचे होते आणि मनात तर एकही विचार नव्हता. लेल्यांनी सुचवले की श्रोत्यांना नमस्कार करून थांबावे, वाणी आपोआप येईल. आणि तसे झाले. त्या अनुभवात सारे जग त्यांना पडद्यावरच्या पोकळ आकृत्यांसारखे भासले होते. तेथेच ते थांबले असते, तर ते मायावादाचे आणखी एक थोर अनुयायी ठरले असते. पुढे त्यांचा निष्कर्ष वेगळा झाला : जग खरे आहे, आणि ज्याचे रूपांतर व्हायचे आहे तेही हेच जग आहे.

१९१० मध्ये ते पाँडिचेरीला गेले आणि १५ ऑगस्ट १९१४ पासून ‘आर्य’ या मासिकातून त्यांनी आपले तत्त्वज्ञान क्रमाने मांडले. त्याचा सांगाडा असा : जडात प्राण आधीपासून गुप्त होता म्हणून जडातून प्राण प्रकटला, प्राणात मन गुप्त होते म्हणून मन प्रकटले, आणि मनात त्याहून वरचे तत्त्व, ज्याला ते अतिमानस म्हणतात, गुप्त असल्यामुळे तेही प्रकट होईल. माणूस हा त्यांच्या मते संक्रमणातला जीव आहे. तैत्तिरीय उपनिषदात भृगू तप करीत अन्न, प्राण, मन, विज्ञान आणि आनंद अशा क्रमाने ब्रह्माला ओळखत जातो. उपनिषदात हा एका साधकाचा अंतरातला शोध आहे. श्रीअरविंदांनी त्याच क्रमात पृथ्वीचा इतिहास वाचला. मला त्यांच्या प्रतिभेचे खरे धाडस येथे दिसते.

आता आपला मूळ प्रश्न. हा डार्विनच्या सिद्धांताचा पुढचा भाग नाही, आणि हे स्वतः श्रीअरविंदांनीच लिहून ठेवले आहे. आध्यात्मिक उत्क्रांतीचा सिद्धांत आणि शरीररूपांच्या उत्क्रांतीचा वैज्ञानिक सिद्धांत हे एक नव्हेत, पहिल्याने स्वतःच्या बळावर उभे राहिले पाहिजे, अशी त्यांची स्पष्ट भूमिका होती. त्यांच्या नावाने बोलणारे पुष्कळ लोक ही रेघ पुसून टाकतात आणि ‘विज्ञानानेही आता हे मान्य केले आहे’ असे सांगतात, याचे मला मनापासून दुःख होते, कारण त्यामुळे एका प्रामाणिक विचारवंताच्या तोंडी त्याने न केलेला दावा घातला जातो.

निसर्गाच्या मागे कोणी मार्गदर्शक शक्ती असावी, ही ओढ विज्ञानाच्या इतिहासातही होती. डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीची कल्पना मांडणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६९ मध्ये असे प्रतिपादन केले की माणसाचा मेंदू केवळ नैसर्गिक निवडीने घडलेला असू शकत नाही, त्यामागे उच्चतर बुद्धीचा हात असला पाहिजे. त्यांचा कल कळताच डार्विननी त्यांना लिहिले होते, की तुमच्या आणि माझ्या अपत्याचा तुम्ही अगदीच खून केला नसेल अशी आशा करतो. पुढील दीडशे वर्षांत मिळालेल्या पुराव्याने डार्विनची बाजू बळकट केली आहे.

माझे मत विचाराल, तर जे पुढे प्रकटले ते आधीपासून आत गुप्त असलेच पाहिजे, हे अनुमान मला पटत नाही. सुट्या घटकांत नसलेला गुण त्यांच्या रचनेत नव्याने येऊ शकतो, असे रसायनशास्त्रात पदोपदी दिसते. मात्र या विचाराची नैतिक बाजू मला मोलाची वाटते. नीत्शेच्या सत्ताकांक्षी अतिमानवापासून श्रीअरविंदांनी आपला अतिमानव जाणीवपूर्वक वेगळा ठेवला, आणि रूपांतराची जबाबदारी माणसाच्या साधनेवर ठेवली. ज्या सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह लढवला, त्यांनीच श्रीअरविंदांच्या ‘दिव्य जीवन’ या ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. म्हणजे हा विचार वाचून मराठी माणूस जगातल्या अन्यायाकडे पाठ फिरवून बसला नाही. या विचाराचे सामुदायिक रूप पाहायचे तर पाँडिचेरीजवळचे ऑरोव्हिल आहे. २८ फेब्रुवारी १९६८ रोजी १२४ देशांची माती एकत्र करून त्या नगरीची स्थापना झाली, तेव्हा ५० हजार लोकवस्तीचा आराखडा होता. अर्ध्या शतकानंतर तेथे तीन हजारांच्या आसपास माणसे राहतात, उजाड पठारावर त्यांनी जंगल उभे केले आहे, आणि जमीन, रस्ते व कारभार यांवरून त्यांच्यात तीव्र मतभेदही झाले आहेत. मला यात अपयश दिसत नाही. माणसाचे मन बदलायला किती वेळ लागतो, याची खरी कल्पना तेथे येते.

प्रश्न : मी वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी आहे. मेंदू चेतना निर्माण करतो हे सिद्ध झाले आहे, असे आमचे काही मित्र म्हणतात. घरचे म्हणतात की चेतना मूळची आहे आणि मेंदू हे तिचे केवळ साधन आहे. यात खरे काय? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : चेतना आणि मेंदू यांचा अतूट संबंध आहे, एवढे निश्चित सिद्ध झाले आहे. भूल दिली की जाणीव जाते आणि औषध उतरले की परत येते, हे आपण शस्त्रक्रियागृहात पाहालच. हा संबंध पुष्कळ बारकाईने माहीत झाला आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळपास ८० टक्के एकट्या अनुमस्तिष्कात, म्हणजे मेंदूच्या मागच्या बाजूच्या लहान खालच्या भागात, असतात. तरी अनुमस्तिष्काला मोठी इजा झालेल्या रुग्णाचा तोल जातो, बोलणे अडखळते, पण त्याची जाणीव शाबूत राहते. उलट मस्तिष्कस्तंभातल्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठातल्या, एका लहानशा भागाला धक्का लागला तर माणूस कायमचा बेशुद्ध होऊ शकतो. म्हणजे पेशींच्या संख्येपेक्षा त्या कशा जोडलेल्या आहेत याला महत्त्व आहे. २००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तरुणीविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. अपघातानंतर ती कोणताही प्रतिसाद देत नव्हती आणि तिला जाणीव उरलेली नाही असे निदान झाले होते. ‘आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करा’ असे तिला सांगितल्यावर तिच्या मेंदूचे तेच भाग कार्यरत झाले जे निरोगी माणसात होतात. ज्या शरीराकडे पाहून आत कोणी नाही असे वाटत होते, तेथे कोणीतरी ऐकत होते. डॉक्टर होऊ घातलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी, असे मला वाटते.

जे सिद्ध झालेले नाही ते असे : चेतापेशींच्या विद्युत् आणि रासायनिक व्यवहारातून तांबडा रंग दिसण्याचा, दात दुखण्याचा, आईच्या आठवणीचा आतला अनुभव का उत्पन्न व्हावा? डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञांनी १९९०च्या दशकात याला चेतनेचा कठीण प्रश्न म्हटले आणि तेव्हापासून तो त्याच नावाने ओळखला जातो. १९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी चामर्स यांच्याशी पैज लावली होती, की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्टपणे सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या परिषदेत कॉख यांनी हार मान्य करून पैजेतली वाइन चामर्स यांना दिली. आज या क्षेत्रात एकमेकांशी न जुळणारे अनेक सिद्धांत आहेत आणि त्यांतला कोणताही सर्वमान्य नाही.

आपल्या मित्रांचे आणि घरच्यांचे भांडण भारतात फार जुने आहे. चार्वाक म्हणत, की धान्य आंबवल्यावर त्यात जशी मादकता येते, तशी चार भूतांच्या मिश्रणातून चेतना येते. ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात शंकराचार्यांनी याला उत्तर दिले आहे : दिवा असला तर दिसते आणि नसला तर दिसत नाही, म्हणून पाहणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही, त्याचप्रमाणे देह असताना चेतना दिसते, एवढ्यावरून ती देहाचा धर्म ठरत नाही. तर्क म्हणून हे उत्तर आजही पक्के आहे. पण हे लक्षात घ्यावे, की या तर्काने चेतना देहाबाहेर असल्याचे सिद्ध होत नाही. देहाचा धर्म असल्याचे केवळ साहचर्यावरून सिद्ध होत नाही, एवढेच ठरते. मेंदूतले पुरावे जसे वाढत आहेत, तसे माझे मन चार्वाकांच्या बाजूला अधिक झुकते, तरी कठीण प्रश्न सुटलेला आहे असे मी म्हणू शकत नाही. या प्रश्नावर ज्याचे मत आधीच ठरले आहे त्याने नव्हे, तर ज्याला तो खरोखर छळतो त्याने संशोधनात यावे. आपण त्यांतले असाल, तर आपली त्या क्षेत्राला गरज आहे.

प्रश्न : माझा मुलगा संगणकक्षेत्रात आहे. तो म्हणतो की कृत्रिम बुद्धिमत्ता हीच उत्क्रांतीची पुढची पायरी आहे आणि त्यापुढे अध्यात्माच्या जुन्या कल्पना निरुपयोगी आहेत. (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आपल्या मुलाला हे जाणून कदाचित आश्चर्य वाटेल की त्याची कल्पना आणि त्या जुन्या कल्पना एकाच घरातून आलेल्या आहेत. पियेर तेयार द शार्दँ हे फ्रेंच जेझुइट धर्मगुरू आणि जीवाश्मतज्ज्ञ होते. पेकिंगजवळच्या प्रसिद्ध प्राचीन मानवाच्या संशोधनात त्यांचा सहभाग होता आणि १९३५ मध्ये ते संशोधनासाठी भारतातही आले होते. पृथ्वीभोवती विचारांचे एक आवरण तयार होत आहे आणि सर्व चेतना अखेर एका अंतिम बिंदूपाशी एकवटेल, असे त्यांनी मांडले. चर्चने त्यांच्या हयातीत या लेखनाला परवानगी दिली नाही. मुख्य ग्रंथ १९५५ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला आणि १९६२ मध्ये रोमने त्याविषयी इशाराही काढला. त्या ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाला प्रस्तावना लिहिली ती ज्युलियन हक्सले या निरीश्वरवादी जीवशास्त्रज्ञांनी, आणि याच हक्सले यांनी १९५७ मध्ये ‘ट्रान्सह्यूमॅनिझम’ या शीर्षकाचा निबंध लिहिला. माणसाने तंत्रज्ञानाने स्वतःला ओलांडावे असे म्हणणारी आजची चळवळ तेच नाव मिरवते. धर्मगुरूचा अंतिम बिंदू आणि तंत्रज्ञाची महाबुद्धी या दोन्हींत इतिहासाला एक ठरलेले शिखर आहे, ही श्रद्धा समान आहे. यंत्र गणित करते, भाषा जुळवते, बुद्धिबळात जिंकते. पण त्याला काही जाणवते का, हे ठरवण्याचे साधन आपल्याकडे नाही, कारण वरच्या उत्तरात सांगितलेला कठीण प्रश्न तेथेही तसाच उभा राहतो.

प्रश्न : शास्त्रे सांगतात की कलियुगात माणसाचे अधःपतन होत जाणार. उलट काही आध्यात्मिक संस्था सांगतात की लवकरच मानवजातीची चेतना उंचावून नवे युग सुरू होणार आणि त्यासाठी आताच त्यांच्यात सामील व्हावे. कोणावर विश्वास ठेवावा? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : माणूस पिढ्यान्‌पिढ्या आध्यात्मिकदृष्ट्या वर चढत आहे, ही कल्पना आपल्या परंपरेतली नाही, ती एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली आहे. परंपरेतला युगांचा क्रम कृतयुगाकडून कलियुगाकडे उतरत येतो. कलियुगाची मर्यादा ४,३२,००० वर्षे सांगितली आहे आणि प्रचलित गणनेनुसार त्यांतली सुमारे ५,१०० वर्षेच सरली आहेत. तेव्हा लवकरच नवे युग येणार हे विधान पुराणांच्या नावावर कोणी करीत असेल, तर ते पुराणांच्याच हिशेबात बसत नाही. २१ डिसेंबर २०१२ या तारखेविषयी माया संस्कृतीच्या कालगणनेच्या आधाराने जगभर असेच दावे झाले होते आणि तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला.

माझी खरी काळजी तारखांविषयी नाही. काही माणसे पुढच्या मानवजातीची आहेत आणि बाकीची मागे राहणार आहेत, असे सांगणारी कोणतीही शिकवण मला भयावह वाटते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ मध्ये माणसाचा वंश सुधारण्याच्या विचाराला ‘युजेनिक्स’ हे नाव दिले. तो विचार मांडणारे लोक स्वतःला प्रगतीचे वाहक समजत होते, आणि त्याच विचाराच्या नावाखाली अमेरिकेत हजारो माणसांची सक्तीने नसबंदी झाली व नाझी जर्मनीत अपंगांना आणि मनोरुग्णांना ठार मारण्यात आले. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याचे परिणाम काय होतात, हे आपल्या समाजाला निराळे सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर पसायदान पुन्हा वाचावे, अशी आपणास विनंती आहे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, मानवजातीच्या भविष्याविषयी जे मागितले त्यात ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ हे मागणे आहे. दुष्टांनी नष्ट व्हावे किंवा त्यांच्या जागी दुसरी कोणती उच्च जात यावी, असे तेथे म्हटलेले नाही. वाकडेपण जावे आणि ती माणसे इथेच, आपल्यात राहावीत, त्यांची सत्कर्मात रती वाढावी. यात कोणालाही वगळलेले नाही, म्हणून भविष्याविषयीच्या सगळ्या आध्यात्मिक कल्पनांत मला हीच सर्वांत जवळची वाटते. एखाद्या संस्थेत जावे की नाही हे ठरवताना आपण एवढेच पाहावे, की तिच्या उद्याच्या जगात तिचे न ऐकणाऱ्यांना जागा आहे का.

प्रश्न : मी अनेक वर्षे नियमित ध्यान करते. यातून मेंदूत बदल होतो असे वाचले. हा बदल माझ्या मुलांमध्ये आनुवंशिकतेने उतरेल का? (एक वाचक भगिनी, कुडाळ)

उत्तर : ध्यानाचा मेंदूच्या कार्यावर परिणाम होतो असे संशोधन आहे. २००४ मध्ये रिचर्ड डेव्हिडसन यांच्या गटाने दीर्घकाळ साधना केलेल्या तिबेटी परंपरेतील बौद्ध साधकांच्या मेंदूतील विद्युत् लहरी नवशिक्यांपेक्षा ठळकपणे वेगळ्या असल्याचे दाखवले. मात्र अशा अभ्यासांतले साधक संख्येने थोडे असतात आणि त्यांच्यात मुळातच काही वेगळेपण असण्याची शक्यता उरते, हेही ध्यानात घ्यावे.

हा बदल जनुकांवाटे मुलांत उतरत नाही. आयुष्यात कमावलेले गुण संततीला जन्मतः मिळतात असे लामार्क यांना वाटत होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑगस्ट वाइझमन यांनी जननपेशी आणि देहाच्या इतर पेशी यांतला भेद दाखवला आणि ती समजूत मागे पडली. अलीकडे जनुकांवरील रासायनिक खुणांचा अभ्यास वाढला आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पडलेल्या दुष्काळात ज्या बाळांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात अशा खुणा साठाव्या वर्षीही आढळल्या. परंतु ही मुले त्या उपासमारीच्या काळात आईच्या पोटात होती. त्यावरून आईच्या ध्यानाचे फळ मुलाला जन्मतः मिळते असा निष्कर्ष काढणे ही तर्काची फार मोठी उडी होईल.

माणसाने कमावलेले पुढे जाते ते शिकवण्यातून, आणि या वाटेचा वेग जनुकांच्या तुलनेत प्रचंड आहे. त्या वाटेला मात्र सतत राखणदारी लागते. ज्ञानेश्वरांनंतर तीनशे वर्षांच्या आत नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद शिरले होते, की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांना ते दूर करून ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. आपली मुले जवळ असतील, तर ध्यानाला बसताना त्यांना शेजारी बसू द्यावे, आणि ती काही विचारतील तेव्हा आपल्याला जे अनुभवास आले आहे तेवढेच सांगावे.